‘पन्नास वर्षांच्या’ कौलांनाही आगोट चुकत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनारा झोडपत गुजरातकडे गेलं. त्यानंतर कोकणात मंगलोरी कौलं उतरवून त्यांच्या जागी कौलासारखी दिसणारी कॉम्पोझिट कौलं चढवणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. कारणं कोणाला सांगायला नकोत. वानरांच्या टोळीने एक उडी मारली की दहा कौलं फुटतात, शाकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही, आणि वासे-रिपा बदलायच्या म्हटल्या तर लाकडाचा भाव ऐकूनच घाम फुटतो. आमचा आक्षेप नव्या कौलांवर नाही, नीट बसवली तर ती चांगली टिकतात. आक्षेप आहे तो ‘एकदा घातलं की पन्नास वर्षं वर बघायला नको’ या विक्रेत्यांच्या पालुपदावर. आपल्या दैनिकाचे बरेच वाचक याच महिन्यांत छपराचा निर्णय घेतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

पन्नास वर्षांचा आकडा असतो तो कौलाच्या पत्र्याचा. छप्पर मात्र पत्रा, स्क्रू, स्क्रूखालचं रबरी वॉशर, लोखंडी पाइप, त्यावरचं वेल्डिंग, आढ्यावरची टोपी आणि दोन पाखी मिळतात तिथली व्हॅली या सगळ्यांचं मिळून बनतं, आणि त्यातला सगळ्यात कच्चा भाग जितका टिकेल तितकंच छप्पर टिकतं. खाऱ्या वाऱ्यात साधा झिंक चढवलेला स्क्रू आणि रेड ऑक्साइड फासलेला पाइप पत्र्याच्या कितीतरी आधी जातो. वॉरंटीच्या कागदावर मात्र या दोन्हींचं नाव नसतं.

‘कॉम्पोझिट’ म्हणून आपल्याकडे मुख्यतः दोन गोष्टी विकल्या जातात आणि त्यांची दुखणी अगदी वेगळी आहेत. एक म्हणजे दगडी कण चिकटवलेलं पोलादी कौल, ज्याला बाजारात ‘स्टोन कोटेड’ म्हणतात. दुसरं म्हणजे प्लास्टिकचं, म्हणजे खाली पीव्हीसी आणि वर एएसए नावाच्या ऊन सोसणाऱ्या प्लास्टिकचा पातळ थर असलेला कौलाच्या नक्षीचा लांब पत्रा. लोणावळा-महाबळेश्वरकडच्या बंगल्यांवर डांबरी शिंगल्सही दिसतात, पण त्यांना खाली सलग फळी लागते आणि दमट हवेत ती फळीच आधी कुजते. कोकणात साध्या घराला आम्ही तरी ते सुचवणार नाही.

आधी पोलादी कौलाचं. त्याचा एक तुकडा साधारण १३४० बाय ४२० मि.मी.चा असतो आणि बसल्यावर जेमतेम अर्धा चौरस मीटर, म्हणजे सात मंगलोरी कौलांची जागा झाकतो. आत ०.४० ते ०.५० मि.मी. जाडीचं पोलाद, त्यावर अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा मुलामा, त्यावर अ‍ॅक्रिलिकचा चिकट थर, त्यात रुतवलेले दगडी कण आणि सगळ्यात वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. गंजापासून वाचवतो तो मुलामा. कण त्या मुलाम्यावरच्या थराला उन्हापासून वाचवतात आणि पावसाचा आवाजही कमी करतात. पहिल्या एक-दोन पावसांत पन्हळीत मूठभर कण सापडले तर घाबरायचं कारण नाही, ते कारखान्यातले सुटे राहिलेले कण असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षीही पन्हळीत वाळू साठत असेल आणि कौलावर काळे टक्कल पडलेले दिसत असतील, तर मात्र चिकट थर हलका होता असं समजावं.

हे कौल १९५० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रुजलं. तिथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो आणि छपरावर बसलेलं मीठ सतत धुतलं जातं. आपल्याकडे तीन हजार मि.मी. आणि त्याहून जास्त पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि ऑक्टोबर ते मे हे आठ महिने छपरावर मीठ आणि धूळ साठत राहते. रात्री दव पडलं की त्या मिठाला ओल मिळते, सकाळी ऊन लागलं की ती सुकते, पुन्हा रात्री ओल. पत्रा गंजतो तो मुसळधार पावसात नव्हे, या कोरड्या महिन्यांतल्या रोजच्या ओल-वाळीत. त्यातही जिथे पाऊस कधी पोचतच नाही ती जागा सगळ्यात आधी जाते: वळचणीची खालची बाजू, पडवीच्या छपराचा घराच्या भिंतीला टेकलेला भाग, पन्हळीचा आतला काठ. वरून छप्पर नवंकोरं दिसतं आणि वळचणीखाली पांढरी भुकटी, मग तांबूस ठिपके सुरू झालेले असतात. तेव्हा समुद्राच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत घर असेल तर डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल असं तीनदा छप्पर गोड्या पाण्याने धुवावं, आणि पाइप वळचणीखाली वर तोंड करूनही फिरवावा. साधा बागेचा पाइप पुरतो. गाडी धुवायचं प्रेशर मशीन नको. त्याने कण उडतात आणि पाणी उलटं जोडांच्या आत शिरतं.

बसवताना होणाऱ्या चुका पुढे देखभालीने भरून निघत नाहीत, म्हणून त्यांवर जरा थांबतो. या कौलांच्या रिपा ३७० मि.मी. अंतरावर लागतात. फितीने सैलसर मापून चालत नाही. ३७० च्या मापाची एक पट्टी कापून प्रत्येक रीप तिला लावूनच वेल्ड किंवा स्क्रू करावी. स्क्रू वरून खाली मारायचा नसतो. वरच्या कौलाचा खाली वाकलेला ओठ आणि खालच्या कौलाची उभी कड एकमेकांवर बसतात, आणि स्क्रू त्या ओठातून समोरून, आडवा, रिपेच्या तोंडात जातो. वाऱ्याने कौल वर ओढलं तर स्क्रू उपटला जात नाही, तो आडवा कापला जावा लागतो, आणि ते फार कठीण असतं. शिवाय भोक उभ्या ओठात असल्याने त्यावर पाणी थांबत नाही. घाईतला कामगार वाकायचा कंटाळा करून वरून स्क्रू ठोकतो. दोन पावसांनी गळती लागते, आणि मग त्या स्क्रूवर डांबर, त्यावर एम-सील, त्यावर पुन्हा डांबर. एका तुकड्याला साधारण पाच स्क्रू लागतात. वळचणीची पहिली ओळ, आढ्याची शेवटची ओळ आणि दोन्ही कडा यांना मध्ये एकेक वाढवावा, कारण वारा ओढतो तो तिथूनच.

कौल ग्राइंडरने कापू नये. ठिणग्या शेजारच्या कौलाचा मुलामा जाळतात आणि उडालेला लोखंडी किस एका रात्रीत गंजून डाग पाडतो. पत्रा कापायच्या कात्रीने कापावं, कापलेल्या कडेला कंपनीचा चिकट थर आणि कण लावावेत, आणि संध्याकाळी उतरण्यापूर्वी छपरावरचा किस मऊ झाडूने झाडून घ्यावा. ओलं सिमेंट या मुलाम्याला लागू देऊ नये. अ‍ॅल्युमिनियमला चुना-सिमेंटचा दाह होतो. तरीही आढ्यावर आणि भिंतीच्या जोडाला सिमेंटचा गोळा चोपायची गवंड्यांची सवय जात नाही. मंगलोरी कौलावर ते चालत होतं, इथे दुहेरी नुकसान होतं. मुलामा खाल्ला जातोच, शिवाय पत्रा उन्हात वाढतो-आखडतो आणि सिमेंट तडकून पाणी आत घेतं. भिंतीचा जोड करायचा तर चिऱ्याच्या भिंतीत इंचभर खोल खाच पाडावी, पत्र्याच्या पट्टीची वरची कड त्यात दुमडून घालावी आणि खाच भरावी. पट्टीचं खालचं टोक कौलावर नुसतं टेकलेलं राहावं.

सांधायला सिलिकॉन आणाल तर नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं आणा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो ते काचेच्या कपाटासाठी ठीक, पत्र्याला ते गंजवतं. तांब्याचं पाणीही असंच. सोलर हीटरच्या तांब्याच्या नळीतून किंवा एसीच्या ड्रेनमधून थेंब थेंब या छपरावर पडत असेल तर पडतो तिथे काही वर्षांत भोक पडतं. ते पाणी वेगळ्या प्लास्टिक नळीने थेट जमिनीवर सोडावं. तांब्याच्या क्षारात मुरवलेल्या हिरवट लाकडी रिपाही या पत्र्याखाली नकोत. आणि एक गैरसमज: ‘स्टेनलेसचा स्क्रू लावा, गंजायची भानगडच नको.’ खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेस स्क्रू तसाच राहतो आणि त्याच्या भोवतीचा अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा मुलामा आधी जातो. या कौलाला कौल कंपनीनेच दिलेले जाड लेपाचे, कौलाच्या रंगाचे स्क्रू वापरावेत, आणि ते हार्डवेअरच्या दुकानातल्या सुट्या पिवळट स्क्रूंनी बदलले जात नाहीत ना, हे मालकाने स्वतः उभं राहून बघावं.

आता प्लास्टिकचं. त्याला गंज नाही, मीठ त्याचं काही बिघडवत नाही, म्हणून अगदी किनाऱ्यावरच्या आणि खाजणाकाठच्या घरांना ते खरं तर जास्त सोयीचं. पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. पीव्हीसी उन्हात फार वाढतं: दर मीटरला, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.०७ मि.मी. जानेवारीत सकाळी वीस अंशांत बसवलेला सहा मीटरचा पत्रा एप्रिलच्या दुपारी साठ अंशांना तापला की हिशेबाने १७ मि.मी. लांब होऊ पाहतो. लोखंडाचा तेवढाच पाइप त्याच तापमानाला तीन मि.मी. सुद्धा वाढत नाही. पत्रा पाइपला घट्ट आवळलेला असेल तर वाढायला जागा कुठे? तो मधोमध फुगतो, आणि थंडीत आखडताना स्क्रूच्या भोकापासून केसाएवढी चीर सुटते. या पत्र्यांची जेवढी गळती दिसते त्यातली बहुतेक या एका कारणाची आहे.

उपाय बसवतानाचाच. भोक आधी ड्रिलने पाडावं, स्क्रूच्या जाडीपेक्षा दोन-तीन मि.मी. मोठं. स्वतःच भोक पाडत जाणारा (सेल्फ-ड्रिलिंग) स्क्रू थेट पत्र्यातून घुसवू नये. पत्रा शक्यतो चार मीटरच्या आसपास ठेवावा, पाखं लांब असेल तर एका लांब पत्र्याऐवजी दोन घेऊन एका कौलाच्या नक्षीएवढा, म्हणजे सुमारे २२० मि.मी.चा, एकावर एक घ्यावा. स्क्रू लाटेच्या माथ्यावर, तळात कधीच नाही, कारण पाणी तळातून वाहतं. माथ्याखाली प्लास्टिकचा आधार-ठोकळा हवा, नाहीतर आवळताना लाट चपटी होते. किती आवळायचं हे वॉशर सांगतं: काळं रबर टोपीच्या कडेबाहेर जेमतेम डोकावलं की थांबा. रबर फुलासारखं बाहेर फाकलं असेल तर जास्त झालं, स्क्रू मोकळा हातात फिरत असेल तर कमी. ड्रिल मशीनचा क्लच कमीत कमी आकड्यावर ठेवावा आणि शेवटचे फेरे हातानेच द्यावेत.

पर्लिनचं, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पाइपांचं, अंतर या पत्र्याला ६६० मि.मी.च्या वर नको. साध्या लोखंडी पत्र्यासाठी बांधलेला जुना चार-चार फुटांवरचा सांगाडा तसाच ठेवून वर हा पत्रा टाकला की उन्हात पर्लिनच्या मध्ये झोळ पडतो. पीव्हीसी पंचाहत्तर-ऐंशी अंशांना नरम पडायला लागतं, गडद रंगाचं छप्पर मे महिन्यात त्याच्या फार खाली नसतं. म्हणून रंग निवडताना विटकरी किंवा फिका घ्यावा. गडद तपकिरी आणि काळपट रंग नमुन्याच्या पुस्तकात सुंदर दिसतात, तिथेच ठेवावेत.

विकत घेताना पत्र्याची कड बघा. वरचा रंगीत थर आणि खालचा पांढरा थर नखाने सुटत नसेल तर ते एकत्र ओतलेले आहेत, पापुद्रा निघत असेल तर नुसता रंग आहे आणि दोन-तीन उन्हाळ्यांत उडेल. जाडी व्हर्नियरने मोजा, जिथे दोन पत्रे एकावर येतात तिथे नव्हे, मध्ये कापलेल्या तुकड्यावर. तीन मि.मी. सांगून अडीच देणं सर्रास चालतं. बोटभर पट्टी कापून दुमडून बघा: बरा पत्रा वाकतो आणि वाकल्या जागी पांढुरका होतो, खडूची पूड भरलेला पत्रा कट्कन तुटतो आणि तुटल्या जागी भुकटी लागते. हा दुसरा पत्रा नारळाच्या एका माराने फुटणार. घरावर माड झुकलेला असेल तर छप्पर कुठलंही घाला, सुक्या झावळ्या आणि नारळ पावसाआधी उतरवून घ्याच. पोलादी कौलाला पोचा येतो आणि पोच्यात कण उडतात, प्लास्टिकला चीर जाते.

प्लास्टिकच्या छपरावर थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन यांतलं काही लावू नये. रंगाचे डाग काढायला रंगारी हमखास थिनरचा बोळा फिरवतो, आणि ऊन सोसणारा वरचा एएसएचा थर तिथल्या तिथे विरघळून चिकट होतो. डांबराचा पट्टाही नको.

आता वाऱ्याबद्दल. निसर्ग वादळातल्या उडालेल्या छपरांचे फोटो आठवा: पुष्कळ ठिकाणी पत्रे पाइपसकट गेले होते. म्हणजे स्क्रूने आपलं काम केलं होतं, सांगाडा भिंतीला धरलेला नव्हता. मंगलोरी कौल चौरस मीटरला पंधरा लागतात आणि त्यांचं वजन चाळीसएक किलो भरतं. त्या वजनानेच छप्पर खाली दाबून राहायचं, आणि वारा फारच झाला तर काही कौलं उडून हवा मोकळी व्हायची. नवं कौल चौरस मीटरला सहा-सात किलो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला जवळपास ११८ किलो होतो, आणि वळचणीला व कोपऱ्यात ओढ त्याहूनही जास्त असते. सहा मीटर रुंद घर, सव्वा मीटरवर एकेक कैची (छपर पेलणारा त्रिकोणी सांगाडा) धरली तर कैचीच्या प्रत्येक टोकाला साडेतीनशे किलोच्या वर उचल येते. एका चिऱ्याचं वजन ३०-३५ किलो धरलं तर दहा-अकरा चिरे उचलण्याएवढी. वरच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यात रॉडचा तुकडा खोचून ही उचल कशी थांबेल?

भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा ओतावा, त्यातच १२ मि.मी.चे वाकवलेले बोल्ट निदान फूटभर खोल सोडावेत, आणि कैचीची पायपट्टी त्यांवर दोन-दोन नटांनी आवळावी. जुन्या घरात पट्टा ओतणं शक्य नसेल तर कैचीच्या टोकापासून भिंतीच्या आतल्या अंगाने पाच-सहा थर खाली जाणारी लोखंडी पट्टी घेऊन भिंतीत आरपार बोल्ट मारावेत. वळचण भिंतीबाहेर दीड-दोन फुटांपेक्षा जास्त नेऊ नये, झडीसाठी जास्त हवी असेल तर ती पडवीच्या वेगळ्या, स्वतंत्र बांधलेल्या छपराने घ्यावी. म्हणजे वादळात गेलं तर पडवीचं जाईल, घरावरचं राहील.

पाइपबद्दल थोडक्यात, पण हे नीट लक्षात ठेवावं. पाइप दोन मि.मी. जाडीचा, शक्यतो गॅल्व्हनाइज्ड घ्यावा. वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं, म्हणून प्रत्येक सांध्यावरची खरप हातोडीने काढून, तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासून जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात द्यावेत, मग एपॉक्सी आणि वरचा रंग. नुसता रेड ऑक्साइड खाऱ्या हवेत टिकत नाही. पाइपची उघडी तोंडं पट्टी वेल्ड करून बंद करावीत. उघड्या तोंडातून दमट हवा शिरते, पाइप आतून गंजतो, आणि बाहेरून रंग शाबूत असताना एके दिवशी स्क्रू हाताने फिरायला लागतो. दरवर्षी पाइपवर हातोडीने हलके टिचकावून बघावं: खणखणीत आवाज यावा, बद्द आवाज आला तर तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा.

मग दर आगोटीला, म्हणजे पावसाआधीच्या तयारीत, काय करायचं? एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सकाळी छप्पर तापायच्या आत. पाय ठेवायचा तो पर्लिनवर किंवा रिपेवर. पोलादी कौलावर खोलगट भागात, पुढच्या ओठाजवळ पाऊल टेकावं, उंचवट्यावर नाही. प्लास्टिकच्या, विशेषतः जुन्या पत्र्यावर थेट उभं राहू नये, दोन पर्लिनवर फळी टाकून तिच्यावरून चालावं. कंबरेला दोर बांधलेला आणि तो आढ्यापलीकडे पक्क्या जागी अडकवलेला हवा. आधी व्हॅली आणि पन्हळ रिकामी करावी. आंबा-फणसाची कुजकी पानं ओल धरून ठेवतात आणि व्हॅलीचा पत्रा सगळ्यात आधी तिथेच सडतो. मग प्रत्येक स्क्रूवर नजर टाकावी: टोपीवर तांबूस, रबर तडकलेलं, किंवा टोपी तिरकी. असा स्क्रू काढून त्याच भोकात एक माप जाड, ५.५ ऐवजी ६.३ मि.मी.चा, नव्या वॉशरसह घालावा. शेजारी दुसरं भोक पाडू नये, त्याने गळायच्या जागा दोन होतात. प्लास्टिकच्या पत्र्यावर जाड स्क्रूसाठी पत्र्याचं भोकही तेवढं मोठं करून घ्यावं.

शेवाळ सावलीच्या पाख्यावर येतंच. नायलॉनचा मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी आधी करून बघावं. हट्टी असेल तर घरगुती ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, दहा मिनिटांपेक्षा जास्त न ठेवता भरपूर पाण्याने धुवावं. छपराचं पाणी टाकीत किंवा विहिरीत सोडलं असेल तर त्या दिवशी नळी सोडवून ठेवावी. तारेचा ब्रश दोन्ही छपरांना चालत नाही. उडालेल्या कणांच्या जागा धुऊन, पूर्ण वाळवून, कंपनीचा चिकट थर लावून त्यावर कण हाताने दाबावेत आणि दुसऱ्या दिवशी पारदर्शक थर द्यावा. पावसात किंवा दवात केलेलं हे काम महिनाभरही राहत नाही. यासाठी मूळ कामाच्या वेळीच त्याच रंगाचे चार-पाच तुकडे आणि कणांची एक पिशवी माळ्यावर ठेवून द्यावी, पुढे तोच रंग मिळत नाही.

गळती शोधताना पाणी आढ्यावरून ओतत बसू नये. पाण्याचा पाइप वळचणीपासून सुरू करून दहा-दहा मिनिटं एकेका पट्ट्यावर धरत वर जावं. आत थेंब पडला की गळती शेवटच्या पट्ट्यातच आहे हे कळतं. पाणी आत पडतं तिथेच वर भोक असतं असं नाही, सांगाड्याच्या पाइपच्या पोटाखालून ते दहा फूटही सरकतं.

एका गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाही. मंगलोरी कौलांच्या फटींतून घर श्वास घ्यायचं. चुलीचा धूर, पाणी तापवायच्या चुल्याची वाफ, माणसांचा दमटपणा सगळं वर निघून जायचं. नवं छप्पर घट्ट असतं. पोलादी कौलाच्या पोटाला पावसाळ्यात घाम सुटतो, थेंब खाली पडतात आणि मालक गळती समजून वर सिलिकॉन चोपत राहतो. आढ्याला जाळी लावलेली हवा जायची फट, वळचणीला आत यायची फट, आणि खाली पाच ते दहा मि.मी. जाडीचा चंदेरी फोम एवढं केलं तर घाम थांबतो आणि मे महिन्यातली धगही बरीच कमी होते. फटीला जाळी हवीच, नाहीतर वटवाघळं आणि खारी येतात. कौलाच्या लाटांखालची पोकळीही फोमच्या नक्षीदार पट्टीने बंद करावी. घरात अजून चूल पेटत असेल तर तिच्या धुरासाठी स्वतंत्र धुरांडं काढल्याशिवाय छप्पर बदलू नये.

जुनं छप्पर सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचं असेल तर तो पत्रा फोडून खाली टाकू नये. पाणी मारून ओला करावा, अख्खाच उतरवावा, तोंडाला मास्क असावा, आणि तुकडे गावच्या रस्त्यात भर म्हणून घालू नयेत.

वॉरंटीचा कागद घेताना त्यात समुद्रापासून किती अंतर मोजलं आहे ते वाचावं. बऱ्याच कागदांत किनाऱ्यालगतची घरं बारीक अक्षरात वगळलेली असतात, वर्षागणिक रक्कम घटत जाते, आणि बदलायची मजुरी मालकाच्या गळ्यात असते. काही ठिकाणी छप्पर धुतल्याची नोंद मागतात, म्हणून धुतल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि मोबाइलवर फोटो काढावा.

मागणी साधी आहे आणि तिला खर्चही नाही. छप्पर विकणाऱ्याने बिलावर निदान पाच गोष्टी मराठीत लिहून द्याव्यात: पोलादाची निव्वळ जाडी (कण धरून नव्हे), अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा मुलामा चौरस मीटरला किती ग्रॅम (किनाऱ्यावर दोन्ही बाजूंचे मिळून १५० च्या खाली घेऊ नये), प्लास्टिकचा असेल तर एकूण आणि वरच्या थराची जाडी, स्क्रूचा प्रकार, आणि किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत वॉरंटी लागू आहे. घरकुलाच्या आणि वादळ-नुकसानीच्या पैशातून छपरं बदलली जातात तिथे ग्रामपंचायतीने हे बिल पाहूनच हप्ता सोडावा, आणि अभियंत्याने छप्पर झाकलं जाण्याआधी एकदा येऊन कैचीचे बोल्ट मोजावेत. फोम आणि सीलिंग लागल्यावर ते कोणालाच दिसत नाहीत.

आपले,
छपराची कामं करणारे काही फॅब्रिकेटर आणि सुतार,
दक्षिण रायगड